लुईझाच्या माहेरचे रेशीम

कापडाच्या धंद्यात ज्यांची हयात गेली त्यांना कोर्टोल्ड्स हे नाव वेगळे सांगावे लागत नाही. लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोसचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा धागा काढून तो व्यापारी प्रमाणावर विकण्याचे काम या इंग्रज कंपनीने १९०५ साली कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत जगभरच्या मागांवर तो धागा चढला. मुंबईच्या गिरणीत उमेदवारी करत असताना आमच्या विभागप्रमुखांच्या तोंडून हे नाव मी प्रथम ऐकले, आणि हे आडनाव इंग्रजी नसून फ्रेंच आहे हेही त्यांनीच सांगितले होते. निवृत्तीनंतर लेकीकडे लंडनला गेलो, तेव्हा या घराण्याचा माग उलट्या दिशेने, म्हणजे लंडनपासून फ्रान्समधल्या मूळ गावापर्यंत, काढायचा बेत मनात होता. बरोबर पत्नी होती. तिने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आहे. फ्रान्समध्ये गाडी चालवायला आणि फ्रेंच बोलायला लेक येणार होती.

कोर्टोल्ड हे ह्यूगेनॉट घराणे. ह्यूगेनॉट म्हणजे कॅल्विन या धर्मसुधारकाच्या शिकवणीला मानणारे फ्रान्समधले प्रॉटेस्टंट. सोळाव्या शतकातल्या धर्मयुद्धांनंतर चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाने त्यांना उपासनेची मोकळीक दिली होती, ती त्याचा नातू चौदावा लुई याने ऑक्टोबर १६८५ मध्ये काढून घेतली. प्रार्थनागृहे पाडण्यात आली, धर्मोपदेशकांना पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला, आणि सामान्य अनुयायांना मात्र देश सोडण्याचीच बंदी झाली. पळताना सापडलेल्या पुरुषाला जहाजाच्या वल्ह्याशी साखळदंडाने जखडत आणि बाईला मठात किंवा तुरुंगात टाकत. तरीही सुमारे दोन लाख माणसे निसटली आणि त्यांतली चाळीस ते पन्नास हजार इंग्लंडला आली, असा इतिहासकारांचा साधारण अंदाज आहे.

सोमवार : सॉमरसेट हाउस

वंशशोधाची सुरुवात अलीकडच्या टोकापासून करावी, हा त्या शास्त्रातला पहिला नियम, म्हणून आधी थेम्सकाठच्या सॉमरसेट हाउसमधल्या कोर्टोल्ड कलादालनात गेलो. सॅम्युअल कोर्टोल्ड (१८७६–१९४७) हा कंपनीचा अध्यक्ष होता. व्हिस्कोसच्या नफ्यातून त्याने माने, सेझान, व्हॅन गॉग यांची चित्रे विकत घेतली, १९२३ मध्ये आधुनिक फ्रेंच चित्रांच्या खरेदीसाठी टेट कलादालनाच्या विश्वस्तांना पन्नास हजार पौंड दिले आणि १९३२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह कला-इतिहासाचे अध्यापन करणारी संस्था स्थापन केली. मानेच्या ‘फोली-बर्जेर’मधल्या मद्यगृहाच्या चित्रापुढे नेहमीप्रमाणे गर्दी होती. ज्या देशाने घराण्याला हाकलले त्याच देशाची चित्रे वंशजाने जमवली, हा योगायोग दालनात आलेल्यांपैकी किती जणांच्या लक्षात येत असेल कोण जाणे.

मला चित्रांपेक्षा चांदीत रस होता. या घराण्यातल्या तीन पिढ्यांनी अठराव्या शतकात लंडनमध्ये चांदीची भांडी घडवली आणि त्यांतली बरीच या संग्रहात जतन केलेली आहेत. पहिला कारागीर ऑगस्टिन. तो १७०१ मध्ये सायमन पँटिन या ह्यूगेनॉट चांदीकाराकडे उमेदवारीला लागला आणि १७०८ मध्ये त्याने स्वतःचा छाप, म्हणजे भांड्यावर उमटवायची कारागिराची खूण, नोंदवला. त्याचा मुलगा सॅम्युअल याने दुकान कॉर्नहिलवर, म्हणजे शहराच्या ऐन बाजारपेठेत नेले. सॅम्युअल १७६५ मध्ये वारला, तेव्हा त्याची विधवा लुईझा पेरिना हिने धंदा बंद न करता स्वतःच्या नावाने छाप नोंदवला आणि पुढे जॉर्ज काउल्स या कारागिराला भागीदार घेऊन तो चालवला.

पत्नी लुईझाच्या नावापाशी बराच वेळ थांबली. तिचे माहेर कोणते, असे तिने विचारले. लुईझाचे माहेरचे आडनाव ओजिए, आणि लंडनमध्ये ते रेशीमवाले होते, एवढे मला ठाऊक होते. “मग कापडाच्या गोष्टीसाठी तुम्ही चांदीवाल्यांच्या मागे कशाला लागला आहात?” असे ती म्हणाली, आणि त्या एका प्रश्नाने पुढच्या सबंध प्रवासाचा आराखडा बदलला.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. इंग्लंडमध्ये १८३७ पासून सुरू झालेल्या सरकारी जन्म-मृत्यू-विवाहनोंदींचे कार्यालय कित्येक दशके याच सॉमरसेट हाउसमध्ये होते. आता ते तेथे नाही, पण इंग्रज वंशशोधकांच्या जुन्या पिढीला ही इमारत चित्रांसाठी नव्हे तर त्या पुस्तकांसाठी आठवते.

मंगळवार : क्यू

१८३७ च्या मागे जायचे तर धर्मसंस्थांच्या दप्तराला शरण जावे लागते. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांनी आपली जुनी नोंदपुस्तके सरकारजमा केली, ती क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘आरजी ४’ या मालिकेत आहेत, आणि लंडनमधल्या फ्रेंच चर्चांची पुस्तकेही त्यांतच येतात. फर्मान रद्द झाल्याला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, १८८५ मध्ये, लंडनमध्ये ह्यूगेनॉट सोसायटी स्थापन झाली. तिने यांतली बहुतेक पुस्तके खंडाखंडाने छापून काढली, त्यामुळे माझ्यासारख्या हौशी माणसाला सतराव्या शतकातल्या हस्ताक्षराशी झटापट करावी लागत नाही.

दिवसभर ते छापील खंड चाळले. त्र्यंबकेश्वरी आमच्या उपाध्यायांकडे आमच्या घराण्याची जी वही आहे, तीत आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी पुरुषांची माळ सलग लागते आणि बायकांची माहेरची नावे क्वचितच सापडतात. येथे उलट अनुभव आला. फ्रेंच रिवाजाप्रमाणे बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव लिहिलेले असते आणि लग्नाच्या नोंदीत अनेकदा दोघांची मूळ गावेही असतात. समकालीन इंग्रज पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, नोंदीत आई नुसती ‘मेरी’ किंवा ‘ॲन’ म्हणून उरते, तिचे गोत्र पुसले जाते. परक्या देशात आलेल्या या लोकांनी निदान पहिल्या दोन पिढ्यांत कागदावर आपली रीत सोडली नाही, याचा लाभ तीनशे वर्षांनी शोधकाला होतो. ऑगस्टिनच्या बापाची कहाणीही अशाच तुकड्यांतून जुळते. बापाचेही नाव ऑगस्टिनच. पहिली बायको जूली जिरो ओलेरों बेटावर वारली, तो इंग्लंडला आला आणि १६८९ मध्ये त्याने ला रोशेलच्या एस्थर पोतिए हिच्याशी लंडनमध्ये दुसरे लग्न केले.

थ्रेडनीडल स्ट्रीटच्या फ्रेंच चर्चच्या दप्तरात आणखी एका प्रकारच्या नोंदी आहेत आणि त्या वाचताना मन अस्वस्थ होते. फ्रान्समध्ये सैनिकांच्या जाचाने ज्यांनी कॅथलिक धर्म पत्करल्याच्या कागदावर सही केली होती, त्यांना लंडनला पोहोचल्यावर सभेपुढे उभे राहून तो अपराध कबूल करावा लागे आणि मगच त्यांना पंगतीत घेतले जाई. नावापुढे तारीख, गाव, आणि कबुली. इतक्या हालांतून आलेल्या माणसाकडून त्याच्याच बांधवांनी पहिली गोष्ट मागावी ती प्रायश्चित्त, हे मला कठोर वाटले. पत्नीचे मत निराळे होते. त्या माणसालाच ती कबुली हवी असेल, त्यावाचून त्याला झोप लागली नसती, असे ती म्हणाली. वंशशोधाच्या दृष्टीने मात्र या नोंदी सोन्याच्या आहेत, कारण गाव सोडल्यावर लंडनला पोहोचायला माणसाला किती काळ लागला ते त्यांवरून कळते.

तारखांचा एक घोळ ध्यानात ठेवावा लागतो. फ्रान्समध्ये ग्रेगरीची सुधारित कालगणना १५८२ पासून होती, इंग्लंडने ती १७५२ मध्ये स्वीकारली. तोवर दोन्ही देशांत आधी दहा आणि १७०० नंतर अकरा दिवसांचा फरक होता, शिवाय इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे फ्रान्सचा किनारा सोडलेला माणूस कागदावर निघण्याच्या आधीच इंग्लंडात उतरलेला दिसू शकतो.

बुधवार : स्पिटलफिल्ड्स

लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनातून पूर्वेला पाच-सात मिनिटे चालले की स्पिटलफिल्ड्सची वस्ती सुरू होते. शहराच्या कोटाबाहेरचा हा भाग शहरातल्या व्यवसाय-संघांच्या कडक नियमांपासून काहीसा मोकळा होता, जागा स्वस्त होती, आणि रेशमाचे माग येथे ह्यूगेनॉट येण्याच्या आधीपासून होते. म्हणून फ्रान्समधल्या तूरसारख्या रेशीमकेंद्रांतून आलेले विणकर येथेच स्थिरावले. फूर्निए स्ट्रीट, प्रिन्सलेट स्ट्रीट, विल्क्स स्ट्रीट या गल्ल्यांतली अठराव्या शतकातली घरे अजून उभी आहेत. त्यांचे पोटमाळे पाहण्यासारखे आहेत, कारण तेथे भिंतीच्या जवळजवळ सबंध रुंदीच्या खिडक्या आहेत. रेशमाचा ताणा इतका बारीक असतो की तुटलेला तार दिव्याच्या उजेडात सापडत नाही, दिवसाचा भरपूर उजेडच लागतो. ज्याने कधी मागावर तुटलेली तार सांधली आहे त्याला त्या खिडक्यांचे प्रयोजन कोणी समजावून द्यायला नको. अर्थात रस्त्याकडची ती उंच घरे व्यापारी मालकांची होती. रोजंदारीवर विणणाऱ्यांची लहान घरे पूर्वेकडे बेथनल ग्रीनच्या बाजूला होती आणि त्यांतली फार थोडी उरली आहेत.

ओजिए घराण्याचे घर म्हणजे १९, प्रिन्सलेट स्ट्रीट. १७१९ मध्ये ते बांधले गेले, पीटर अब्राहम ओजिए या रेशीम-व्यापाऱ्याचे कुटुंब तेथे राहिले, आणि पुढे १८६९ मध्ये पोलंडकडून आलेल्या ज्यूंनी त्याच्या मागच्या अंगणात सिनेगॉग बांधले. आता ही वास्तू स्थलांतराचे संग्रहालय म्हणून राखली आहे, पण ती इतकी नाजूक झाली आहे की वर्षातून मोजकेच दिवस उघडतात. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होते, त्यामुळे बाहेरून पाहण्यावर समाधान मानले. जवळच ३७, स्पिटल स्क्वेअर हे १७४० च्या सुमाराचे घरही एका पीटर ओजिएचेच. या घराण्यात पीटर नावाचे इतके पुरुष झाले की त्यांना एकमेकांपासून वेगळे काढण्यासाठी पुन्हा बायकांच्या माहेराचाच आधार घ्यावा लागतो. त्या घरात सध्या जुन्या इमारतींचे रक्षण करणाऱ्या संस्थेचे कार्यालय आहे आणि घर उत्तम राखलेले आहे.

हॉक्समूरने बांधलेल्या क्राइस्ट चर्चमध्ये थोडा वेळ बसलो. १९८४ ते १९८६ या काळात या चर्चच्या तळघरातल्या सुमारे हजार शवपेट्या पुरातत्त्वज्ञांनी बाहेर काढल्या. त्यांतल्या ३८७ माणसांची नावे आणि वये पेटीवरच्या पाट्यांमुळे निश्चित होती. सांगाड्यावरून वय ठरवण्याच्या ज्या पद्धती शास्त्रज्ञ वापरत असत, त्या खऱ्या वयाशी ताडून पाहण्याची संधी यामुळे मिळाली आणि वयस्कर माणसांचे वय त्या पद्धती बरेच कमी दाखवतात, असे निष्पन्न झाले. त्या पेट्यांत १७७५ मध्ये वारलेला रेशीमवाला पीटर ओजिएही होता. वंशवृक्षातल्या एका नावाच्या हाडांवरून शास्त्राची पद्धत दुरुस्त व्हावी, असे सहसा घडत नाही.

दुपारी ब्रिक लेनवर आलो. कोपऱ्यावरची मशीद १७४३ मध्ये ह्यूगेनॉटांचे चर्च म्हणून बांधली गेली, पुढे तेथे मेथडिस्टांचे प्रार्थनागृह झाले, १८९८ मध्ये सिनेगॉग झाले आणि १९७६ पासून बांगलादेशी, मुख्यतः सिल्हेटी मुसलमानांची ती जामे मशीद आहे. लंडनची माहिती देणारा प्रत्येक वाटाड्या ही गोष्ट सांगतो, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही. भिंतीवरच्या छायायंत्रावर, म्हणजे सूर्यघड्याळावर, मूळचा लॅटिन मजकूर अजून आहे, ‘आपण छाया आहोत’.

लुईझाचा धाकटा मुलगा जॉर्ज हा १७७५ मध्ये चौदाव्या वर्षी चांदीच्या दुकानात न जाता स्पिटलफिल्ड्समधल्या एका रेशीम पिळणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. कोशातून उलगडलेले तंतू एकत्र करून त्यांना पीळ देणे, हे ते काम. आईच्या माहेरच्या माणसांत तो वाढला होता आणि १७८० मध्ये चांदीचा धंदा विकला गेला, तोवर त्याची वाट ठरून गेली होती. कोर्टोल्ड आडनावाची रेषा सरळ मागे नेली तर रेशीम कोठेच भेटत नाही. ते लुईझाकडून आले.

गुरुवार : एसेक्स

ब्रेन्ट्रीला रेल्वेने आणि तेथून हॉल्स्टेडला बसने गेलो. लंडनच्या विणकरांची मजुरी १७७३ च्या कायद्याने ठरवून दिली होती, त्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीस रेशमाचा धंदा स्वस्त मजुरीच्या आणि पाण्याच्या शोधात एसेक्सकडे सरकला. एसेक्समध्ये लोकरीचा जुना धंदा बसला होता आणि हात रिकामे होते. जॉर्जने काही वर्षे अमेरिकेत घालवून परत आल्यावर पेबमार्श येथे रेशीम पिळण्याची गिरणी उभी केली, पुढे ब्रेन्ट्रीत दुसरी काढली. त्याचा मुलगा सॅम्युअल (१७९३–१८८१) बॉकिंगला आला आणि १८२५ मध्ये त्याने हॉल्स्टेडची टाउन्सफोर्ड मिल रेशमाकडे वळवली. पांढऱ्या लाकडी फळ्यांची ही लांबलचक गिरणी कोन नदीच्या अंगावरच उभी आहे. खालून पाणी वाहते. आत आता जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. दुकानदारिणीला मी यंत्रे कोठे बसवली असतील ते खांबांवरून दाखवू लागलो, तेव्हा पत्नीने मला हळूच बाहेर काढले.

या गिरण्यांना खरा पैसा दिला तो सुतकी क्रेपने. कच्च्या, डिंक न काढलेल्या रेशमाच्या कडक पिळाच्या धाग्याची जाळीदार वीण करायची आणि तापलेल्या कोरीव रुळाखालून काढून तिला सुरकुत्या आणायच्या. ही शेवटची प्रक्रिया घराण्याने इतकी गुप्त ठेवली की तिच्या खोल्यांत बाहेरच्याला मज्जाव असे. विधवेने किती महिने किती रुंदीचा क्रेप वापरावा याचे व्हिक्टोरियाकालीन संकेत ठरलेले होते, आणि १८६१ मध्ये नवरा अल्बर्ट वारल्यानंतर राणी व्हिक्टोरियाने आयुष्यभर सुतक पाळले, तेव्हा मागणीला तोटा राहिला नाही.

या समृद्धीची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. जॉर्ज कोर्टोल्ड स्वतः पुरोगामी मतांचा, फ्रेंच आणि अमेरिकन क्रांतीचा चाहता होता, पण त्याच्या गिरणीत लंडनच्या अनाथ-गरीबगृहांतून आणलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुली करारबद्ध होऊन काम करत. मुलाच्या काळातही गिरण्यांतला बहुतांश कामगारवर्ग स्त्रियांचा आणि मुलींचाच होता. त्यांच्यासाठी शाळा निघाल्या, घरे बांधली गेली, ब्रेन्ट्रीला सार्वजनिक बाग आणि नगरभवनही घराण्यानेच दिले. या देणग्यांचे मोल मी कमी करत नाही. परंतु निर्वासिताच्या चौथ्या पिढीने दुसऱ्यांची पोरकी लेकरे यंत्रापुढे उभी केली, ही गोष्ट या वंशवृक्षाचाच भाग आहे, आणि कुळाचा अभिमान सांगताना ती नेमकी गळते.

शुक्रवार : रेल्वेत

सकाळी सेंट पँक्रसहून बोगद्यातून पॅरिस, तेथे स्टेशन बदलून मोंपार्नासहून ला रोशेल. दुसऱ्या गाडीत सगळेच झोपलो.

शनिवार : ला रोशेल

ला रोशेल हे ह्यूगेनॉटांचे सागरी बलस्थान. बंदराच्या तोंडावरचे दोन बुरूज आजही तसेच उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये एके काळी साखळी ताणून बंदर बंद करत. १६२७ च्या सप्टेंबरात राजाचा मुख्य मंत्री रिशेल्यू याने शहराला वेढा घातला, समुद्राकडून इंग्रजांची मदत येऊ नये म्हणून सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बांध घातला आणि चौदा महिन्यांच्या उपासमारीनंतर ऑक्टोबर १६२८ मध्ये शहर शरण आले. सत्तावीस हजारांच्या आसपास असलेल्या लोकसंख्येतली पाच-सहा हजार माणसे उरली. नगरभवनापुढे त्या वेळचा नगराध्यक्ष जाँ गितों याचा पुतळा आहे. शरणागतीची भाषा करणाऱ्याच्या छातीत खंजीर खुपसीन, असे तो म्हणाल्याची कथा येथे प्रत्येक जण सांगतो. वेढ्यात मुले उपाशी मेली त्या शहराने अशा माणसाचा पुतळा उभारावा याचे मला नवल वाटले. लेकीला ते वाटले नाही.

सँ-मिशेल रस्त्यावर प्रॉटेस्टंट प्रार्थनागृह आणि त्याला लागून प्रॉटेस्टंट इतिहासाचे छोटे संग्रहालय आहे. त्यात शिशाची लहान बिल्ले-नाणी आहेत. पवित्र भोजनाला बसण्याचा अधिकार कोणाला आहे हे ओळखण्यासाठी वडीलधारी मंडळी ती आधी वाटत. बंदीच्या काळात गुप्त सभेत हेर शिरू नये यासाठीही त्यांचा उपयोग झाला. संग्रहालयातल्या वयस्क बाईंनी, आम्ही कोर्टोल्डांच्या शोधात हिंदुस्थानातून आलो आहोत हे लेकीकडून ऐकल्यावर, प्रथम आमचाच या घराण्याशी काय संबंध असे विचारले. मी सूतगिरणीत होतो, असे उत्तर लेकीने भाषांतर करून दिले आणि ते त्यांना पटलेले दिसले.

१६८५ नंतरच्या फ्रेंच नोंदींचे वाचन कसे करावे हे त्यांनी समजावले. प्रॉटेस्टंट नोंदपुस्तके तेथेच थांबतात. पुढे प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा कॅथलिक पाद्र्याकडे करणे सक्तीचे होते, लग्न कॅथलिक चर्चबाहेर केले तर संतती अनौरस ठरे. म्हणून घराणी दोन पद्धतींनी वागली. काहींनी पॅरिशमध्ये नावापुरती नोंद करून घेतली, काहींनी रानात किंवा कोठारात धर्मोपदेशकाकडून विधी करून कागद घरीच जपला. १७८७ च्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना न्यायाधीशापुढे जन्म-विवाह नोंदवण्याची मुभा मिळाली, तेव्हा म्हाताऱ्या जोडप्यांनी आपली लग्ने आणि नातवंडे असलेल्या मुलांचे जन्म एकाच दिवशी नोंदवले, अशी उदाहरणे त्या पुस्तकांत आहेत.

रविवार : ओलेरों

ओलेरों बेट १९६६ पासून जवळजवळ तीन किलोमीटरच्या पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले आहे. त्यापूर्वी होडीशिवाय वाट नव्हती. खारे पाणी, मिठागरे, कालवांची तळी, आणि वाळूच्या जमिनीवरचे ठेंगणे द्राक्षमळे. ऑगस्टिन कोर्टोल्डचे गाव सँ-पिएर बेटाच्या मधोमध आहे. तेथे मध्ययुगातला मृतांचा दीपस्तंभ आहे, म्हणजे दफनभूमीत दिवा लावण्याचा उंच दगडी मनोरा. प्रॉटेस्टंट प्रार्थनागृह आहे ते खूप नंतरचे, कारण जुने कोणतेच ठेवले गेले नाही.

घराण्यात परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी की, फर्मान रद्द झाल्यानंतर तान्ह्या ऑगस्टिनला टोपलीत भाजीपाल्याखाली लपवून बेटाबाहेर काढले गेले आणि जहाजाने इंग्लंडला नेले. तिला कागदाचा आधार नाही. अशा गोष्टी अनेक ह्यूगेनॉट घराण्यांत आहेत, कोणाची टोपली, कोणाचे पिंप. पण बंदरापाशी उभे राहिल्यावर ती अगदीच अशक्य वाटत नाही. हे बेट मीठ, वाइन आणि ब्रँडी यांच्या व्यापारावर जगत होते, इंग्रज आणि डच जहाजे नित्य येत, आणि ऑगस्टिनचा बाप त्याच व्यापारातला होता. ज्याला रोज पिंपे जहाजावर चढवायची आहेत त्याला एक मूल चढवणे डोंगराळ मुलखातल्या शेतकऱ्यापेक्षा नक्कीच सोपे गेले असेल. कथा खोटी असेल, पण भूगोल खरा आहे.

येथे चांदीकाम मात्र कोठेच नाही. वाइनच्या व्यापाऱ्याचा मुलगा चांदीकार झाला तो लंडनमध्ये, आपल्यासारख्याच निर्वासिताच्या दुकानात शिकून.

सोमवार : सिगूर्ने

ला रोशेलहून उत्तरेला, पाणथळ मुलूख ओलांडून, लेकीने आम्हांला व्हाँदे जिल्ह्यात नेले. जुन्या पोआतू प्रांताचाच हा भाग. लुईझाचा जन्म येथल्या सिगूर्ने गावी १७२९ मध्ये झाला. या सालाकडे लक्ष द्यावे. फर्मान रद्द होऊन तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती. घराण्यातले काही आधीच लंडनला गेले होते, काही दोन पिढ्या येथेच दबून राहिले आणि मग मुलाबाळांसह निघाले. सगळे एका रात्रीत पळाले ही आपली कल्पना या एका जन्मसालाने मोडते.

सिगूर्ने हे कुंपणबंद शेतांचे, ओकच्या झाडांचे लहान गाव आहे. मध्ययुगीन किल्ला आहे, चर्च आहे, गायी आहेत. मी सवयीने तुतीची झाडे शोधत होतो. ती नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. या पट्ट्यात लोकरीचे जाडेभरडे कापड होत असे, रेशीम लिआँ, तूर आणि दक्षिणेत नीम या बाजूला होते. म्हणजे आम्ही ज्या माहेरी रेशीम शोधायला आलो तेथे ते कधी नव्हतेच. ह्यूगेनॉटांनी फ्रान्समधली कारागिरी गाठोड्यात बांधून इंग्लंडला नेली, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते आणि तूरच्या विणकरांबाबत ते खरेही असेल. या दोन घराण्यांनी मात्र एकही कसब नेले नाही. ओलेरोंच्या मुलाला चांदी आणि पोआतूच्या कुटुंबाला रेशीम लंडनमध्येच मिळाले. आधी आलेल्या स्वधर्मीयांनी त्यांना उमेदवारीला घेतले, एकाच चर्चमध्ये त्यांची लग्ने लागली, कर्जाला जामीन मिळाले. बरोबर नेले ते नातेसंबंध. पत्नीने हे माझ्या आधी ओळखले होते, असे तिचे म्हणणे आहे.

दुपारी जवळच मोंसिरेन्यच्या हद्दीतल्या बुआ-तिफ्रे येथील वाड्यात पश्चिम फ्रान्सच्या प्रॉटेस्टंटांचे संग्रहालय पाहिले. १६८१ मध्ये मारियाक या अधिकाऱ्याने पोआतूत प्रॉटेस्टंटांच्या घरी घोडदळाचे सैनिक मुक्कामाला घातले, ही युक्ती पुढे सर्व फ्रान्सभर वापरली गेली. घरातले धान्य, दारू, भांडी संपेपर्यंत आणि माणूस सही करेपर्यंत सैनिक हलत नसत. कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारल्याने लोक आपली माणसे आपल्याच शेताच्या कडेला पुरत आणि वर पाइन किंवा सुरूसारखे झाड लावत. पोआतूच्या बऱ्याच भागांत अशी एकटी उभी झाडे अजून दिसतात.

लुईझाच्या बाप्तिस्म्याची नोंद झालेली असली तर ती तेथल्या पॅरिशच्या कॅथलिक पुस्तकात असणार. व्हाँदे जिल्ह्याच्या अभिलेखागाराने आपली जुनी पुस्तके इंटरनेटवर पाहायला ठेवली आहेत, त्यासाठी पुन्हा येण्याची गरज नाही. जमिनींचा तपास करायचा असेल तर मात्र पॅरिसला जावे लागेल. परदेशी पळालेल्या प्रॉटेस्टंटांची शेते आणि घरे जप्त करून राजाच्या अधिकाऱ्यांनी त्यांचा कारभार पाहिला, भाडेपट्टे लिहिले, वारसांचे अर्ज आणि तंटे नोंदवले, आणि ते सगळे दप्तर फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘टीटी’ मालिकेत आहे. क्रांतीनंतर १५ डिसेंबर १७९० च्या कायद्याने पळालेल्यांच्या वंशजांना फ्रान्सचे नागरिकत्व परत घेण्याचा हक्क दिला आणि न विकलेली मालमत्ताही परत करण्याचे ठरले, तेव्हा दावे याच कागदांवरून तपासले गेले. ओजिए आडनावाचा एखादा दावा त्यांत निघतो का, हे लेक हिवाळ्याच्या सुट्टीत पाहणार आहे. तिला वाचक-परवान्याचा अर्ज मी परतीच्या गाडीतच भरायला लावला.